महूपुरते टायर

“किसनराव, तुम्ही फक्त बोट ठेवा. बाकी गल्ली बघून घेईल,” दत्तोपंत म्हणाले.

तीन महिने दत्तोपंत त्याला ‘ए मोटारवाले’ म्हणूनच हाक मारत होते. आज टायरच्या दुकानात पाऊल टाकल्याबरोबर तो किसनराव झाला. किसनला हसूही आलं आणि चीडही आली. दोन्ही गिळून, दुकानदार बंडूने मांडलेल्या टायरांपुढे तो उकिडवा बसला.

किसनची मोटार म्हणजेच त्याचं घर होतं. महूच्या लष्करी लिलावात घेतलेली जुनी अँब्युलन्स. स्ट्रेचरच्या फळ्यांवर अंथरुणं, कोपऱ्यात शेगडी, खिडकीला बायकोने, चंपाने, शिवलेला पडदा आणि वर बुद्धाची तसबीर. कुणाला शौक वाटावा, पण शौक कसला! इंदूरच्या बस डेपोत त्याला मेकॅनिकची नोकरी लागली होती आणि पाळी पहाटे पाचची होती. महूत वडलांचं क्वार्टर होतं, ते त्यांच्या पलटणीच्या नोकरीबरोबर संपलं. आता तिथे उरली होती फक्त मेव्हण्याची ओसरी.

खोलीसाठी चंपा सारं इंदूर पालथं घालून आली होती. लोक आधी नाव विचारत, मग आडनाव. दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी पुढचं विचारायच्या आधीच चंपा सांगून टाकायची, “आम्ही बौद्ध.” की लगेच उत्तर यायचं, “अरेरे, खोली कालच गेली हो!” दारावरची ‘किराये से देना है’ची पाटी मात्र जागची हलत नसे. तुकोगंजातल्या दत्तोपंतांनीही तिला असंच वाटेला लावलं होतं. आणि नशिबाची गंमत बघा, मोटार इंदुरात आणली तेव्हा तिचे दोन टायर नेमके त्यांच्याच दारासमोर फुटले. नवे घ्यायला पैसे नव्हते; कडुलिंबाखाली घर जे बसलं, ते बसलंच.

गल्लीने टोमणे मारून पाहिले, अर्ज करून पाहिले, नळावर चंपाची घागर मागे सारून पाहिली. मग दत्तोपंतांच्या डोक्यात उजेड पडला. ज्याच्या घराला चाकं नाहीत, तो जाणार कसा? ज्या गल्लीत गणपतीची वर्गणी दिवाळीपर्यंत रेंगाळायची, तिथे टायरांची वर्गणी दोन दिवसांत जमली.

“भिया, हे बघा,” बंडूने जुन्या टायरांवर थाप मारली. “जुनेच आहेत, पण रबर नवं चढवलंय. महू काय, चौदा मैल. आरामसे जातील.”

“आणि ते?” किसनने भिंतीशी उभ्या केलेल्या टायरांकडे मान वळवली.

“ते नवे कोरे. ट्रकवाले नेतात. सालों साल चलते हैं.”

“ते कशाला हवेत? एकदाच तर जायचंय,” दत्तोपंत घाईने म्हणाले. “आपल्या माणसांत सुखाने राहा, किसनराव.”

किसनने टायरावरून हात फिरवला. वीस वर्षं या हातांनी हेच केलं होतं. महूपर्यंत पोचतील, त्यापुढे एक मैल नाही, हे त्याला कळत होतं. नोकरी सुटणार, ओसरी नशिबी येणार, हेही कळत होतं. पण अर्ध्या मैलावरून पाणी आणणारी चंपा त्याला आता बघवत नव्हती. तो थकला होता.

“चालतील हे,” तो म्हणाला.

पायरीवर उभी असलेली चंपा आत आली. तिने टायराच्या कडेला नख घातलं आणि ओढलं. रबराची पट्टी सरकन उचलली गेली.

“हे नकोत. बंडूभिया, वो नये वाले काढा. चारही. आणि एक स्टेपनी.”

“चंपा, अगं, महूला जायला…”

“महूला कोण चाललंय?”

किसन तिच्याकडे बघतच राहिला. दत्तोपंतांनी कान टवकारले.

“म्हणजे लांब जाताय की काय?”

“लांबचाच पल्ला आहे, काका. वर्षं लागतील.”

दत्तोपंतांचा चेहरा उजळला. नागपूर असो की पुणं असो, बला जितकी दूर तितकी बरी! “मग नवेच दे रे, बंडू! आणि स्टेपनीपण दे. प्रवासात कंजुशी कामाची नाही.”

हातगाडीवरून टायर गल्लीत आले. किसनने एकेक चढवला, जॅक काढला, आणि घर तीन महिन्यांनी ताठ उभं राहिलं. अख्खी गल्ली निरोपाला जमली. दत्तोपंतांनी पुढच्या चाकासमोर स्वतःच्या हाताने नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा चंपाच्या हातावर ठेवला. तीन महिन्यांत या गल्लीने तिच्या हातात दिलेली ही पहिली वस्तू.

चंपाने तो तुकडा खाल्ला. मग ती पदर खोचून किसनच्या शेजारी चढून बसली. बेत त्यालाही ठाऊक नव्हता. पण का कोण जाणे, स्टिअरिंगवर हात ठेवताना त्याला आज मान वर करावीशी वाटली.

“मग? पहिला मुक्काम कुठे?” दत्तोपंतांनी खुशीत विचारलं.

“पुढच्याच गल्लीत,” चंपा म्हणाली. “एकतीस दारांनी मला ‘खोली कालच गेली’ म्हणून सांगितलंय, काका. प्रत्येकासमोर तीन-तीन महिने राहायचं. तुमचे आज भरले. आता तीस दारं राहिली.”