रेकॉर्डला एक सिक्स कमी

साउथहॅम्प्टनच्या आमच्या क्लबमधलं सर्वाधिक सिक्सचं रेकॉर्ड मोडायला डॉक्टर श्रीनिवासना एकच सिक्स हवी होती. साठी उलटलेली, पुढच्या सीझनचा भरवसा नाही.

ड्रिंक्स ब्रेकमध्ये ते छाती चोळताना दिसले, तशा त्यांच्या मिसेस, शैलाताई, म्हणाल्या, "अहो, बास आता. बाहेर या."

"सकाळची मिसळ बाधली गं. ॲसिडिटी आहे," म्हणत त्यांनी चहासाठी आणलेलं थंड दूध घटाघटा प्यायलं. छातीत दुखलं तर ॲसिडिटी समजून अंगावर काढू नका, असं हे हार्टचे डॉक्टर पेशंटना रोज बजावायचे.

पुढच्याच ओव्हरमध्ये त्यांनी बॉल थेट झाडांपलीकडे टोलवला. आम्ही सगळे माना वर करून टाळ्या वाजवत राहिलो.

शैलाताई मात्र पॅव्हेलियनच्या भिंतीवरचं, हृदयाला शॉक द्यायचं मशीन घेऊन केव्हाच पिचकडे धावत सुटल्या होत्या.