गल्लीतले माग

गल्लीच्या तोंडचा माग थांबला, तेव्हा सुबरावानं लक्ष दिलं नाही. पाठोपाठ दुसरा थांबला. मग तिसरा. सुताची कांडी बदलणारा त्याचा हात तिथंच राहिला.

वडगावच्या त्या गल्लीत वीज गेली की सगळे माग एका दमात बंद पडतात. असे एकामागून एक थांबतात ते फक्त गल्लीतलं माणूस गेल्यावर. तिरडी उठेपर्यंत मग कुणी बटणाला हात लावत नाही. लग्न असो, बारसं असो, एरवी माग चालूच. पोटाला कुठली सुट्टी!

अंथरुणाला खिळलेलं असं गल्लीत सध्या कुणी नव्हतं. गल्लीबाहेर मात्र सुबरावाची लेक होती, रक्षा. हिंडलग्याच्या तुरुंगात. सरकारी कागद कानडीबरोबर मराठीतूनही द्या, म्हणून कचेरीपुढं धरणं धरायला गेली आणि पोलिसांनी उचलली. आत गेल्यावर गप्प बसेल ती रक्षा कसली! तिथं तिनं अन्न सोडलं होतं. आज जामिनाची तारीख होती.

"चला की कोर्टात," बायाक्का सकाळपासून नवऱ्याच्या मागं लागली होती. "आई-बाप दिसलं की चार घास तरी खाईल पोरगी."

"मला इचारून गेलती व्हय? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाय तिनं."

एवढं बोलून तो मागाला चिकटला होता. खरं तर पोलिसांच्या गराड्यातली पोर त्याला बघवली नसती. पण असलं बापानं बोलायचं कुणापाशी?

आता शेजारच्या भरमाचाही माग थांबला. सगळ्या गल्लीत एकट्या सुबरावाचा खडखडाट उरला. दारासमोर वहाणा वाजल्या. बरीच माणसं होती. बायाक्का भिंत धरून खालीच बसली. वाईट बातमी आधी गल्लीला कळते, घरच्यांना शेवटी, हे तिनं आजवर इतरांच्या दारात बघितलं होतं.

पोर तिकडं उपाशी, आणि आपण इथं रुसून बसलो. त्यानं बटण बंद केलं.

दारात मनुबाई उभी होती, गल्लीतली सगळ्यात थोरली. मागं अख्खी गल्ली.

"रक्षा..." सुबराव मनुबाईपुढं येऊन उभा राहिला. "कवा गेली, आक्का?"

"गप रं! काय बी बोलतोस. पोर धड हाय. आमी समदी निघालोय कोर्टात, तिच्यासाठी."

"मग माग कशाला थांबिवलं?"

म्हातारीनं त्याच्याकडं रोखून बघितलं.

"माणूस मेल्यावरच थांबवायचं व्हय रं, सुबराव?"