प्रगतिपथावर

नगरपालिकेच्या साप्ताहिक वार्तापत्रात बागेतल्या मोडक्या बाकांबद्दल गेले सात आठवडे एकच ओळ छापून येत होती : 'काम प्रगतिपथावर आहे.' काम तसूभरही हललं नव्हतं. वार्तापत्र लिहिणाऱ्या ताईंना त्या ओळीची आता लाज वाटू लागली होती. अखेर एकदाचा सुतार मिळाला आणि त्यांनी मोठ्या हौसेनं छापलं, 'सोमवारी बागेतले पाचही मोडके बाक दुरुस्त होणार.'

दुसऱ्याच दिवशी तक्रारवाले आजोबा त्यांच्या टेबलासमोर हजर. एकटे राहणारे, दर आठवड्याला न चुकता तक्रार लिहिणारे.

"ताई, एवढी घाई कशाला करताय?"

ताई चाटच पडल्या. "अहो, तुम्हीच तर इतके दिवस आमच्या नावानं खडे फोडत होतात."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती. सध्या बागेत एकच बाक धड आहे. त्यामुळे वाचनालयातून निवृत्त झालेल्या त्या मॅडमनाही रोज सकाळी माझ्याच शेजारी बसावं लागतं."

आजोबांनी शर्टाची कॉलर नीट केली. शर्ट कडक इस्त्रीचा होता.

"आमचंही काम आत्ता कुठे प्रगतिपथावर आहे."