अडलेली धार

सकाळपासून ढब्बू प्रत्येक खांबापाशी पाय वर करून उभा राहायचा, कण्हायचा आणि थेंबही न टाकता पुढे सरकायचा. शेवटी अण्णांनी मुलाला गाडी काढायला लावली आणि कुत्र्याला मांडीवर घेऊन थेट प्राण्यांचा दवाखाना गाठला.

"मूत्रमार्गात खडा अडकलाय," ढब्बूचं टम्म फुगलेलं पोट चाचपत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नळी घालून तो मागे मूत्राशयात ढकलते, मग ऑपरेशन करून काढते. आज लघवी सुटली नाही, तर जीव जाईल."

"म्हातारा झालाय हो तो," मुलगा म्हणाला. "आता कापाकापी कशाला? एक इंजेक्शन द्या आणि सोडवा त्याला."

"सोडवायचं तर त्या खड्यापासून सोडवा!" अण्णांनी टेबलाची कड घट्ट धरली. "अजून रोज माझ्या चपला पळवतो. त्याला जायची घाई नाही, तुलाच झालीय. बाई, तुम्ही घ्या त्याला आत."

ऑपरेशन पार पडलं. टाके काढायला आणलं त्या दिवशी ढब्बूने दवाखान्याच्या दारातल्या कुंडीवर अशी लांबलचक धार सोडली, की मुलालाही हसू आवरेना.

"जिंकलात, अण्णा!" तो म्हणाला.



"मग आता माझ्या डॉक्टरांना फोन लाव. प्रोस्टेटचं ऑपरेशन नको म्हणून तू परस्पर कळवलंयस ना, त्यांना सांग, म्हातारा हो म्हणतोय."