चौदा नंबरची खोली

“सर, मग सहा जास्त की एक?”

शेवटच्या बाकावरून पुन्हा तोच प्रश्न आला आणि वर्ग खो खो हसला. विचारणारी पस्तिशीची परिचारिका होती. रुग्णालयातली पाळी संपवून ती थेट खगोलभौतिकीच्या या प्राथमिक वर्गाला यायची आणि पहिल्याच पायरीवर अडखळायची. पोरांनी तिचं नाव ‘प्रश्नचिन्ह’ ठेवलं होतं.

सरांनी फळा पुसला.

“ताऱ्यांचं तेज मोजायची रीत जरा उफराटी आहे, बाई. जुनी आहे म्हणून कुणी बदलत नाही. डोळ्यांना जेमतेम दिसतो तो सहा. ठळक दिसतो तो एक. त्याहून तेजस्वी असेल तर शून्य, मग उणे.” व्याधाच्या नावापुढे त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: −१.४६. “रात्रीच्या आकाशात याच्या वरचढ तारा नाही. या चौदा नंबरच्या खोलीत येताना बाहेरचं गणित ओल्या छत्रीसारखं दाराशी ठेवून यायचं.”

“आमच्याकडे आकडा चढला की धावाधाव असते, सर. डोक्यात बसत नाही.”

तिन्ही चाचण्यांत तिनं ते उलटंच लिहिलं. तिच्या तिरप्या, घाईच्या अक्षरावर लाल फुली मारताना सरांना वाटायचं, ही फुली खरं तर आपल्यावरच मारायला हवी. सव्वीस वर्षं शिकवतोय आणि एवढी साधी गोष्ट गळी उतरवता येत नाही.

“अहो, तुम्ही फळ्याशी बोलता,” बायको म्हणायची. “जरा पोरांकडे तोंड करा.”

“पोरं फळ्याकडेच बघत असतात,” सर म्हणायचे. तिच्या म्हणण्यात तथ्य असावं, असं त्यांना मनातून वाटायचंच.

सत्र संपताना अभिप्रायाचे कागद आले. नियम नवा होता: विद्यार्थ्यांनी नाव न घालता शिक्षकाला एक ते पाच गुण द्यायचे. सरासरी अडीचच्या खाली गेली तर तो विषय बंद. दुसरं काही शिकवण्याची सरांना ना हौस होती, ना धमक. या वर्गासाठी ते अजून सकाळी दाढी करत होते.

त्यांनी कागद वाटले आणि नियमाप्रमाणे बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. आत आधी कुजबुज झाली. मग एकदम हशा पिकला. सर कानकोंडे झाले. पाठीला खडू लागलाय का, ते त्यांनी कोट झटकून पाहिलं.

आठवड्यानं कुलसचिव बाईंनी बोलावलं. बाई हयातभर कार्यालयात वावरलेल्या, बोलायला मात्र मऊ.

“बसा ना, सर. चहा सांगू?”

“नको. किती आले?”

“एक पॉइंट एक.” बाईंनी चष्मा काढला. “तीस कागद. सत्तावीस जणांनी चक्क एक दिलाय, तिघांनी दोन. असं कधी पाहिलं नव्हतं हो. तुमचं कुणाशी काही वाजलं होतं का?”

“छे.”

“फेरतपासणी मागता येते. अर्ज करा, मी पुढे सरकवते.”

व्हरांड्यात ऐकलेला तो हशा सरांच्या कानातून गेला नव्हता.

“नको. मुलांनी प्रामाणिकपणेच लिहिलं असणार.”

“तुम्ही पण ना, सर! भांडावं जरा माणसानं.”

“कशाच्या जोरावर?” असं म्हणून त्यांनी विषय बंद करायला संमती असल्याचा कागद पुढे ओढला. पेन आधी उमटेना. त्यांनी ते झटकलं आणि सही केली. बाईंनी शिक्का मारला.

ते उठले तशी बाईंना आठवण झाली.

“हां, एकतिसावा कागद आम्ही हिशेबात धरला नाही. नुसती टवाळी आहे. पण नियमानं तुम्हाला दाखवायला हवा.”

सरांनी घडी उलगडली. अक्षर तिरपं होतं, घाईचं. गुणांची चौकट अपुरी पडल्यामुळे आकडा समासात घुसला होता.

−१.४६