चौथ्या मिनिटाला

पडद्यावरची म्हातारी मेलेली होती. चौथ्या मिनिटाला तिनं श्वास घेतला.

ओरावान खुर्चीत पुढं सरकली. दृश्य अजून हललं नव्हतं. दाराबाहेरून दिसणारी खोली, चटईवर म्हातारी, गळ्यापर्यंत जाड चादर, बाहेर काढून ठेवलेला एक हात. त्या हातावर गावानं निरोपाचं पाणी सोडून झालं होतं. माणसं जेवायला गेली होती. खोलीत फक्त उन्हाचा पट्टा सरकत होता. आणि छातीवरची चादरीची घडी केसभर वर येऊन खाली बसली होती.

तिनं आजूबाजूला पाहिलं. खोन केन शहरातल्या विद्यापीठाचं सभागृह, रविवारची दुपार. अर्धे लोक माना टाकून झोपलेले. शेजारी तिचा नवरा विरुत तोंड उघडं टाकून घोरत होता.

तिनं झोपावं म्हणून त्यानंच तिला इथं आणलं होतं. तो विद्यापीठाचे एसी दुरुस्त करायचा, त्यामुळे पास फुकट मिळाले होते. या दिग्दर्शकाच्या सिनेमाला भलेभले झोपतात, गारवा जरा जास्तच ठेवायला सांगितलाय, असं तो सकाळी हसत म्हणाला होता. मग हसणं थांबवून त्यानं अट सांगितली होती. दोन तास फोन बंद. ती झोपली, तर त्यांचं बाळ, फूम, घरी राहील. नाही झोपली, तर सासूबाई सहाच्या बसनं त्याला लोएला, आपल्या गावी घेऊन जातील, ओरावान बरी होईपर्यंत. त्यात जगावेगळं काही नव्हतं. गल्लीतली निम्मी पोरं आजी-आजोबांकडेच वाढत होती.

फूम पाच महिन्यांचा होता. जन्मल्यावर रडायला त्यानं वेळ लावला होता. तेव्हापासून ओरावान रात्र रात्र त्याच्या श्वासानं हलणाऱ्या पोटाकडे बघत बसायची. सासूबाई म्हणायच्या, पोराला नजर लागायची ती आईचीच लागेल. डॉक्टरही म्हणाले होते, बाळाला काही झालेलं नाही, आईनं झोपायला हवं.

झोपायचा तिनं प्रामाणिक प्रयत्न केला होता. सिनेमाही मदत करत होता. एक बाई तळ्याशी बोलायची, तळं उत्तर द्यायचं नाही, तरी बाई मान डोलवायची. धुकं एका घरात पुढच्या दारानं शिरायचं आणि मागच्या दारानं निघून जायचं. ओरावानचे डोळे दोनदा मिटलेही. मग चटईवरची म्हातारी आली आणि सवयीनं तिची नजर छातीवर गेली. तिथंच राहिली.

दिवे लागायच्या बेतात असताना तिनं डोळे मिटून घेतले. विरुत दचकून जागा झाला, तिच्याकडे वळला.

“झोपलीस ना?”

तिनं हळूच डोळे चोळले. त्याचा चेहरा उजळला. त्यानं लगेच आईला निरोप पाठवला: झोपली, पिशवी भरू नकोस.

व्यासपीठावर दिग्दर्शक येऊन बसला होता. पन्नाशीचा, बारीक, पायात साध्या चपला. मुलं प्रश्न विचारत होती. तळं म्हणजे मागचा जन्म का, धुकं म्हणजे सरकार का. तो सगळ्यांना हो म्हणत होता. एका पोरानं विचारलं, मेलेल्या बाईचं दृश्य सहा मिनिटं कशाला, आमच्या मागं एक काका चक्क घोरत होते. सभागृह हसलं. विरुतनं मान खाली घातली. दिग्दर्शकही हसला आणि म्हणाला, असंच.

ओरावाननं ओठ घट्ट मिटले. गप्प राहायचं, घरी जायचं, पोराला उचलून घ्यायचं. एवढंच तर होतं. पण एका माणसानं श्वास घेतला होता आणि भरल्या सभागृहात तो कुणालाच कळला नव्हता. हे तिला सहन होईना. तिनं हात वर केला. विरुतनं तिचं मनगट धरलं, तोवर ती उभी राहिली होती.

“त्या आजींनी श्वास घेतला,” ती म्हणाली. “चौथ्या मिनिटाला. एकच.”

पुन्हा हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, मग काकूंनी वैद्याला बोलवायचं होतं. दिग्दर्शक मात्र हसला नाही. त्यानं माईक खाली ठेवला, पुन्हा उचलला.

“ताई, ती नटी नव्हती,” तो म्हणाला. “माझी आई होती. मेल्याचं सोंग तिला जमेना. सारखी हसायची. सातव्या वेळी जमलं. हळू श्वास चादरीखाली लपले, पण एक मोठा निसटला. दोन महिन्यांनी ती खरोखरच गेली. सगळे म्हणाले, तेवढा काप. मी उलट दृश्य लांबवलं. आधीपासून टक लावून बसलेल्या माणसालाच तो दिसणार होता. एकोणीस गावांत सिनेमा दाखवला. आज तो श्वास दिसला कुणाला तरी.”

ओरावान खाली बसली.

बाहेर मोटरसायकलींच्या रांगेत विरुतला आपली गाडी सापडेना. ती समोरच होती. ओरावान त्याच्या मागं उभी राहिली.

“मी झोपले नव्हते,” ती म्हणाली.

“कळलं.”

त्यानं किल्ली लावली, पण फिरवली नाही. फूमचा श्वास रात्री कधी अडतो का, असं त्यानं विचारलं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच विचारलं. कधीकधी, ती म्हणाली. पहाटेकडं. चार-पाच आकडे मोजेपर्यंत थांबतो, मग आपोआप येतो.

त्यानं खिशातून फोन काढला आणि आईला सांगितलं की तिनं एकटीनंच सहाची बस धरावी. पलीकडून बराच वेळ काहीतरी येत राहिलं. तो हं हं म्हणत राहिला. मग फोन ठेवून तो मागं वळला.

“आज रात्री मी बसतो त्याच्यापाशी,” तो म्हणाला. “कुठं बघायचं, ते तेवढं दाखव.”