काना-मात्रेसकट

"प्रस्ताव तुम्हीच मागे घ्या, म्हणजे फेटाळल्याची नोंद राहणार नाही," स्क्रीनवरून समितीच्या अध्यक्षांनी समजुतीच्या सुरात सुचवलं.

तालुक्याच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या सुनीती गावकरांची मागणी साधी होती. त्या शिकवत ती प्रोग्रामिंग भाषा प्रोग्राममधल्या नावांना देवनागरी अक्षरं घ्यायची, पण काना, वेलांटी आली की चूक दाखवायची. 'वजन' चालायचं, 'उंची' नाही. एवढं बदला, असं त्या दोन वर्षं त्या भाषेचे नियम ठरवणाऱ्या समितीला लिहीत होत्या.

"पण मराठीत प्रोग्राम लिहितंय कोण?" एका सदस्याने विचारलं. "आम्हाला तर कुणी दिसत नाही."

आजवर नमतं घेणाऱ्या गावकरबाईंचा आवाज चढला. "दार तुम्हीच लावलंय, आणि आत कुणी येत नाही म्हणता? मी मागे घेणार नाही. फेटाळायचा तर फेटाळा, पण कारण लिहा, आपापल्या नावानिशी."

चार विरुद्ध तीन मतांनी प्रस्ताव पडला. कारण मात्र एकानेही लिहिलं नाही.

भाषेचा मूळ कोड सगळ्यांना खुला होता. त्याच दुपारी बाईंनी तो वर्गासमोर उघडला, आडवा येणारा नियम शोधला आणि आपल्या प्रतीतून खोडून टाकला.

"हं, लिहा आता," त्या वर्गाला म्हणाल्या. "त्यांना दिसायला लागेपर्यंत लिहा."